ढिगाच्या पोटात

"आधी हात लावून बघा, मग बोला," असं म्हणत रोपवालीने ट्रे गेटशेजारच्या कट्ट्यावर आदळला.

खतमावशीने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. ट्रेमध्ये टोमॅटोची रोपं होती, विकायला काढण्याच्या वयाची. खोडं जाडजूड, रंग हिरवागार, पण शेंड्याची पानं उलगडलीच नव्हती. एकेका पानाच्या कडा आत वळून त्याची वाटी झाली होती. अगदी टोकाची पानं तर दोऱ्यासारखी बारीक होऊन एकमेकांत पिळली गेली होती.

"पाणी जास्त झालं असेल," मावशी म्हणाली.

"पाणी जास्त झालं की पान पिवळं पडतं. हे पिवळं आहे?"

"मग कीड. पानाखाली बघितलंस?"

"सगळं बघितलं. मी रोपं विकते मावशी, भांडी नाही. तुमचं खत घातलेल्या वाफ्यातली झाडून सगळी अशी झालीत. शेजारच्या वाफ्यात नुसती माती आहे, तिथली कशी ताठ उभी आहेत, येऊन बघा."

मावशीने एक रोप मुळासकट उपटून नाकाशी नेलं. मुळांना चिकटलेलं खत काळंभोर आणि भुसभुशीत होतं, दाट झाडीतल्या जमिनीला येतो तसा त्याला वास होता. नाव ठेवावं असं त्यात काहीच नव्हतं, आणि तेच मावशीला आवडलं नाही.

"ठेवून जा," ती म्हणाली. "बघते मी."

"बघा. पण लवकर बघा. गिऱ्हाईक काही माझ्यासाठी थांबायचं नाही."

ते आवार गावाबाहेरच्या ओढ्यालगत होतं. पूर्वी तिथे एक घळ होती आणि आसपासच्या सगळ्या वस्त्यांचा कचरा त्या घळीत पडायचा. कधी कुणी काडी लावायचं, मग दोन दोन दिवस धूर गावावर बसून राहायचा आणि वाळत घातलेल्या कपड्यांना जळक्या प्लॅस्टिकचा वास यायचा. शेवटी गावाने कमिटी नेमली, घळ बुजवून कुंपण घातलं, बाटल्या, काच, कागद वेगवेगळे ठेवायला पत्र्याची शेड उभी केली. ओल्या कचऱ्याचं काय करायचं हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. शाळेच्या स्वयंपाकघरातून नुकतीच निवृत्त झालेली एक बाई होती. खत कसं करायचं याच्या शिबिराला कमिटीने तिला धाडलं, कारण दुसरं कुणी जायला तयार नव्हतं. ती परत आली ती खतमावशी होऊनच. तिचं खरं नाव आता पेन्शनच्या कागदांवर तेवढं उरलं होतं.

ढीग लावणं हे तसं स्वयंपाकासारखंच, असं ती म्हणे. ओलं जास्त झालं की चिकट होऊन वास मारतो, सुकं जास्त झालं की शिजतच नाही. सालींचा आणि उष्ट्याचा थर, त्यावर सुक्या पाल्याचा किंवा गवताचा, पुन्हा ओला. मग ठरावीक दिवसांनी दाताळ्याने सगळा ढीग उलथायचा, म्हणजे आतल्याला हवा लागते. नीट जमून आलं की ढीग आतून असा तापतो, की कोपरापर्यंत घातलेला हात फार वेळ ठेववत नाही. त्या उष्णतेत तणाचं बी मरतं, रोगाचे जंतू मरतात. थंडीच्या दिवसांत सकाळी ढिगातून वाफा निघत, आणि रस्त्याने जाणारे गाडी हळू करून ओरडत, "मावशी, सासूला आणून घातलं तर किती दिवसांत गुलाब येतील?"

"सासू आण तर खरी," मावशी म्हणे. "ढिगाच्या पोटात सगळं जिरतं. फक्त चपला काढून आण."

गेटवर मात्र ती थट्टा करत नसे. पाला, गवत, लीद असं काहीही घेऊन कुणी आलं की तिचा प्रश्न ठरलेला, "फवारलंय का?" फवारलेलं ढिगात घालायचं नाही, असं शिबिरात सांगितलं होतं. का, ते सांगितलं होतं की नाही, तिला आठवत नव्हतं. तिने नियम तेवढा धरून ठेवला होता. कमिटीचे अध्यक्ष स्वतःच्या अंगणातली हिरवळ कापून घेऊन आले तेव्हा त्यांनाही तिने सोडलं नव्हतं. "गेटवर तुम्ही बसता की कस्टमचा साहेब?" असं म्हणून अध्यक्ष हसले होते, पण उत्तर देऊनच आत गेले होते.

रोपवालीच्या पाठोपाठ आणखी माणसं आली. पोस्टातल्या कारकुनाचा घेवडा, शाळेच्या बागेतले वाटाणे, नर्सबाईंचे बटाटे. सगळ्यांची पानं तशीच वाटीसारखी वळलेली. मावशी एकेकाच्या परसात जाऊन उकिडवी बसली, ढेकळं फोडून बघितली, मुळं बघितली. नर्सबाईंनी बटाट्याच्या ओळीशेजारीच मका लावला होता. खत तेच, पाणी तेच, ऊन तेच. बटाट्याने माना टाकल्या होत्या आणि मका खांद्याएवढा होऊन वाऱ्यावर सळसळत होता.

"मका कसा काय वाचला हो?" नर्सबाईंनी विचारलं.

मावशी बटाट्याकडून मक्याकडे आणि मक्याकडून बटाट्याकडे बघत राहिली. रुंद पानांचं मेलं होतं. मका शेवटी गवताच्याच जातीचा, तो जगला होता. रोग काही अशी निवड करत नाही. अशी निवड माणूस करतो, आणि डब्यात भरून विकतो.

गाव तोवर आपल्या निर्णयावर येऊन बसलं होतं. "लीद," अध्यक्ष म्हणाले. "घोड्याची लीद. दुसरं काय असणार?"

घोडेवाला गावात नवा होता. शर्यतीतून, ओझ्यातून सुटलेले म्हातारे घोडे तो भाड्याच्या जमिनीवर सांभाळायचा आणि त्यांची लीद न चुकता आवारात आणून द्यायचा. माणूस अबोल, चारा बाहेरगावचा. तर्क तसा वेडगळ नव्हता. तणनाशकाची काही औषधं अशी असतात, की फवारलेलं गवत जनावराने खाल्लं तरी ती पोटात मोडत नाहीत, जशीच्या तशी शेणालिदीत उतरतात. हे कुणीतरी कुठेतरी वाचलं होतं, आणि दोन दिवसांत ते अख्ख्या गावाला पाठ झालं होतं. कुणीतरी घोडेवाल्याच्या फाटकावर लिदीचं घमेलं ओतून ठेवलं.

तो आवारात आला तो टोपी हातात घेऊन.

"मावशी, तुम्ही विचारलं होतंत मला, फवारलंय का. मी तुमच्यासमोर चारेवाल्याला फोन लावला होता."

"आठवतंय मला."

"मग सांगा ना त्यांना."

"सांगेन. आधी माझं मला कळू दे."

"तुमचं तुम्हाला कळेपर्यंत जमिनीचा मालक मला जागा सोडायला लावेल." तो चिडून बोलत नव्हता, म्हणून ते ऐकायला जास्त जड गेलं.

मावशी राहायची ती धाकट्या भावाच्या घराच्या मागच्या खोलीत. नवरा गेल्यावर भावानेच तिला आणलं होतं, "खोली रिकामीच आहे, उंदरांना देण्यापेक्षा तुला देतो" म्हणून. गावही त्याला धाकटाच म्हणायचं. त्याची गुरं होती आणि गुरांसाठी मोठं कुरण होतं. त्या खोलीच्या खिडकीत मावशीने कान तुटलेले चार कप मांडले. पहिल्यात नुसती माती. दुसऱ्यात माती आणि घोड्याची लीद. तिसऱ्यात माती आणि ढिगातलं खत. चौथा कप हातात घेऊन ती जरा वेळ उभी राहिली. मग मागच्या गोठ्यात गेली, माळ्यावर उरलेलं मूठभर सुकं गवत घेऊन आली, कात्रीने बारीक कापून तिने ते मातीत कालवलं. चारही कपांत घेवड्याचं बी पेरलं, कारण असल्या औषधांना घेवड्याइतकं हळवं दुसरं काही नाही.

गेल्या पावसाळ्यात ढीग ओला होऊन बसला होता. सुकं काही मिळेना, दुर्गंधी गावात शिरायला लागली, कमिटीत तक्रारी गेल्या. तेव्हा तिने भावाला म्हटलं होतं, "अरे, कुठून तरी सुकं गवत बघ ना. नाक कापलं जातंय माझं." त्याच संध्याकाळी तो ट्रॉली भरून गवत घेऊन आला. स्वतःच्या कुरणातलं. तिने गेट सताड उघडलं, दाताळं त्याच्या हातात दिलं, आणि दोघांनी मिळून, लहानपणी वैरण रचायचे तसं, हसत हसत ते गवत ढिगात रचलं. भावाला काय विचारायचं?

"वन्सं, कपातून चहा पितात लोक," भावजय एकदा खिडकीतून डोकावून म्हणाली. "शेती करतात असं नव्हतं ऐकलं."

"तुझ्याकडे कपसुद्धा असे, की चहा प्यावासा वाटत नाही," मावशीने तोंडाला तोंड दिलं, आणि भावजय हसत निघून गेली.

पहिली दोन पानं चारही कपांत सारखीच सरळ आली. मावशीला आशा वाटायला लागली. कसली, ते तिने स्वतःला विचारलं नाही. लीद निर्दोष निघावी असं म्हणावं तर दोष कुठे तरी जाणारच होता. मग पुढची तीन-तीन पानं उलगडायला लागली. नुसत्या मातीतली तळहातासारखी सपाट. लिदीतली त्याहून मोठी आणि सपाट. खतातली वाटीसारखी वळलेली. आणि चौथ्या कपात ती उलगडलीच नाहीत. रोपाने खोडातच वळसा घेऊन शेंडा मातीला टेकवला होता.

मीटिंगच्या आदल्या दिवशी, दुपारी, धाकटा खोलीत आला. त्याने कप बघितले. हा माणूस अक्षरांपेक्षा पिकं लवकर वाचायचा.

"हा कसला?" चौथ्याकडे बोट करून त्याने विचारलं.

"तुझ्या माळ्यावरच्या गवताचा."

तो कॉटच्या कडेवर बसला. बराच वेळ त्याने बुटाला लागलेला चिखल काढला.

"कुरणात काटेरी झुडपं माजली होती," तो म्हणाला. "गुरांच्या तोंडाला जखमा व्हायच्या. दुकानदार म्हणाला एकदा तणनाशक मारा, दोन वर्षं बघायला नको."

"डब्यावर काही लिहिलं नव्हतं?"

"डबा कोण वाचतं, ताई? तू पण काय." मग थोड्या वेळाने, "असेल लिहिलं. बारीक अक्षरांत."

"मला सांगायचंस ना रे."

"तू विचारलंस?"

मावशीने चौथा कप खिडकीत आत सरकवला.

"गावभर विचारत बसतेस, फवारलंय का, फवारलंय का. मला नाही विचारलंस. मला वाटलं, चालत असेल. तूच तर म्हणतेस, ढिगाच्या पोटात सगळं जिरतं."

हे खरं होतं. तिने ते इतक्यांदा आणि इतक्या तोऱ्यात म्हटलं होतं, की तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता. जंतू जिरतात, बी जिरतं, सडकं-कुजकं सगळं जिरतं. हे जिरत नव्हतं. जिवाणू ते हळूहळू, वर्ष-दोन वर्षांत मोडतात, आणि ढिगाची उष्णता त्याच्या केसालाही धक्का लावत नाही.

"उद्या काही बोलू नकोस," धाकटा म्हणाला. "खोटं बोल म्हणत नाही मी. फक्त गप्प बस. लीद बंद करतील, विषय संपेल. तुझं आवार राहील, तुझा ढीग राहील. तो घोडेवाला आज ना उद्या जाणाराच माणूस आहे. मी कुठे जाऊ? भरपाई मागायला सगळे माझ्या दारात येतील. कुरण जाईल माझं."

"आणि लोकांनी पुढच्या वर्षी परत हेच खत घातलं तर?"

"ते तू बघ. हळूच कुठे तरी पसरून टाक. तुला कोण विचारतंय? तूच तर विचारणारी."

दारात थांबून तो मऊ आवाजात म्हणाला, "जेवायला ये वेळेवर. काल पण आली नाहीस."

मीटिंग शाळेत भरली. माणसं मुलांच्या बाकांवर गुडघे आखडून बसली होती. अध्यक्षांनी लीद बंद करण्याचा ठराव वाचला आणि वर म्हणाले, "एक गोष्ट मी स्पष्ट करतो. यात मावशींची काडीची चूक नाही. या बाईने गावाचा धूर घालवला, हे विसरायचं नाही." काहींनी टाळ्या वाजवल्या. नर्सबाईंनी मागून मावशीच्या खांद्यावर हात ठेवला. घोडेवाला दाराशी उभा होता, बाकं भरलेली नव्हती तरी उभा. धाकटा खिडकीच्या बाजूला, दोन्ही हात मांडीखाली घालून बसला होता. मार खाण्याआधी लहानपणी तो असाच बसायचा.

मावशी उठली. बोलायच्या आधी तिने चष्मा काढला. पुढचे चेहरे त्यामुळे पुसट झाले, आणि ते बरं झालं.

"लीद नाही," ती म्हणाली. "मी पेरून बघितलं. लिदीत घेवडा सरळ येतो."

"मग काय आहे, मावशी?"

"गवत. सुकं गवत. ढीग वास मारत होता, मला घाई झाली होती, मी मागवलं. ते फवारलेलं होतं. मी विचारलं नाही."

"कुणाचं गवत?"

"मागवलं मी. ढीग माझा. गेटवर मी होते."

पण त्या संध्याकाळी गवताची ट्रॉली भर रस्त्यातून गेली होती. गावात लपून काय राहतं? एकेक मान खिडकीकडे वळली. धाकटा उठला, दोन बाकांच्या मधून आडवा होत बाहेर पडला. त्याचा धक्का लागून एक बाक फरशीवर कर्रकन सरकलं.

पहिली बोलली ती रोपवाली. "आम्हाला तर सालसुद्धा उलटीसुलटी करून विचारायचात, मावशी," ती म्हणाली. तिला रडू येत होतं की राग, ते तिलाही कळत नसावं. "माझा अख्खा हंगाम गेला. आम्हाला विचारायचात."

मावशीने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. ती खाली बसली. खांद्यावर मघाचा हात परत आला नाही.

आवाराला कुलूप लागलं. ढीग तिथेच ठेवायचा, त्यातलं चिमूटभरही कुणी न्यायचं नाही, असं ठरलं. शेड उघडी ठेवावी, निदान बाटल्या आणि कागद तरी चालू राहू दे, असं मावशीने अध्यक्षांना सांगून बघितलं. "लोकांचं मन उडालंय, मावशी," ते म्हणाले. "एकदा उडालं की बाटलीचं काय आणि सालीचं काय." शहरातून लॉरी लावली गेली. ती सगळं एकत्र नेते, कुठे नेते ते विचारावं लागत नाही. वर्षानुवर्षं वेगळं करून थकलेली कितीतरी घरं त्या आठवड्यात सुटल्यासारखी झाली, आणि तसं त्यांनी बोलूनही दाखवलं.

घोडेवाल्याच्या मालकाने जागेचा करार वाढवला नाहीच. जायच्या दिवशी तो मावशीला भेटायला आला.

"तुम्ही बोललात, बरं झालं," तो म्हणाला.

"मग राहा ना आता. मी बोलते मालकाशी."

"नको." त्याने टोपी डोक्यावर घातली. "तुम्ही उठेपर्यंत त्या खोलीत एकानेही म्हटलं नाही, की हा नसेलही. घोड्यांना काय, कुठेही गवत सारखंच."

धाकट्याने कुरणाचा ओढ्याकडचा तुकडा विकून लोकांची तोंडं बंद केली. मागच्या खोलीतून स्वयंपाकघरात उघडणाऱ्या दाराला पलीकडून कडी लागली. खोली सोड असं तिला कुणी म्हटलं नाही. भावजय भिंतीपलीकडे भांडी घासायची तेव्हा मावशीला प्रत्येक भांडं ओळखू यायचं, एवढंच आता त्या घराचं आणि तिचं नातं राहिलं. मावशीने खोलीतच शेगडी मांडली.

लॉरी सकाळी यायची, कर्कश हॉर्न वाजवत. तिच्या कडा माणसाच्या डोक्याहून उंच होत्या आणि मागे एक जण बूट घालून कचऱ्यावर उभा राहून तो तुडवत असे. लोक पिशव्या खालूनच फेकत. मावशी तीन बादल्या घेऊन रस्त्यावर आली. एकीत साली, दुसरीत कागद, तिसरीत बाटल्या आणि डबे. हे सगळं एकाच जागी जाणार, हे तिला ठाऊक होतं. तिचे हात मात्र भाजी चिरतानाच साल एकीकडे आणि कागद दुसरीकडे करत, त्याला तिचा इलाज नव्हता.

"वर द्या मावशी, वर!" लॉरीवरचा माणूस ओरडला. "आणि तीन कशाला? एकातच कोंबा की!"

तिने सालींची बादली डोक्यावर उचलली. कडा लांबच राहिली. बादली कलली, थोड्या साली तिच्या केसांत पडल्या.

शेजारच्या दारातून धाकटा आपली काळी पिशवी घेऊन आला होता. त्याने ती फेकली आणि परत फिरला. दारापर्यंत गेला, थांबला. मग तसाच मागे आला आणि तिच्याकडे न बघता त्याने बादली तिच्या हातातून घेतली. उंच धरून रिकामी केली. दुसरी केली. तिसरी उचलली तेव्हा आतल्या बाटल्या वाजल्या. धुऊन पुसलेल्या, झाकणं वेगळी काढलेल्या. ती बादली त्याने क्षणभर तशीच धरली. लॉरीवाल्याने हॉर्न दिला. त्याने तीही ओतली, बादल्या रस्त्याच्या कडेला ठेवल्या, आणि घरात जाऊन दार लावून घेतलं.

लॉरी पुढच्या वळणावर गेली. मावशीने केसांतल्या साली काढल्या, रस्त्यावर पडलेल्याही वेचून घेतल्या. इकडेतिकडे बघितलं. मग त्या टाकायला जागा दिसेना म्हणून तशाच मुठीत धरून ती आत गेली.